दहावीनंतरचे बीजगणित : प्रस्तावना

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत बीजगणिताची स्वतंत्र प्रश्नपत्रिका शेवटची भेटते ती दहावीत. ‘गणित भाग १’ या नावाची, ४० गुणांची आणि दोन तासांची ही प्रश्नपत्रिका देऊन विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत दाखल झाला, की वेळापत्रकावर नुसता ‘गणित’ हा विषय उरतो. बीजगणित आणि भूमिती ही शाळेतली विभागणी मोडते आणि पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेतही बीजगणित या नावाचे प्रकरण सापडत नाही. यावरून पुष्कळ विद्यार्थी आणि त्यांचे पालकही असे धरून चालतात, की बीजगणित दहावीत संपले, आता त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र यांच्याशी गाठ आहे. हा समज चुकीचा आहे, आणि दहावीला गणितात उत्तम गुण मिळवलेली मुले अकरावीच्या पहिल्याच सहामाहीत चाचपडू लागतात, त्यामागे या समजाचा वाटा थोडाथोडका नाही. बालभारतीने २०१९ साली प्रसिद्ध केलेले अकरावीच्या गणिताचे दोन भाग चाळून पाहिले, तर निश्चयक आणि मॅट्रिक्स, संमिश्र संख्या, क्रमिका आणि श्रेढी, मांडणी आणि निवड, गणिती विगमन आणि द्विपद प्रमेय, संच आणि संबंध, फलन अशी प्रकरणे दिसतात, आणि ही सगळी बीजगणिताचीच प्रकरणे आहेत. अमेरिकेतील शाळांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड अल्जिब्रा’ या नावाने जो वेगळा वर्ग चालतो, त्यातला बराचसा आशय आपल्याकडे या प्रकरणांत विखुरलेला आहे. तो एकत्र पाहता यावा, एका प्रकरणातला विचार दुसऱ्यात कसा शिरतो हे ध्यानात यावे आणि वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी पुढे काय येणार आहे याची स्पष्ट कल्पना असावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

पुस्तकाचा वाचक मुख्यतः नवी मुंबईतला विद्यार्थी आहे. मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय वाशीला आहे, आणि ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीच्या एकाच वर्गात अगदी निरनिराळ्या वाटांनी आलेली मुले शेजारी शेजारी बसतात. कोणी महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेला असतो, कोणी सेमी इंग्रजीतून, तर कोणी केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, शाळेतून. या मुलांची तयारी कमीजास्त असते यापेक्षा ती वेगवेगळ्या ठिकाणी झालेली असते, हे शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने दोघांनीही जाणून घेण्यासारखे आहे. राज्य मंडळाच्या मुलाने दहावीतच दोन चलांची समीकरणे निश्चयक पद्धतीने, म्हणजे क्रेमरच्या पद्धतीने सोडवलेली असतात आणि अर्थनियोजनाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर आणि शेअर यांची उदाहरणेही केलेली असतात. सीबीएसईच्या दहावीत निश्चयक नसतो, पण दोनचे वर्गमूळ अपरिमेय का आहे, याची रीतसर सिद्धता त्या मुलाने लिहिलेली असते. एकाच्या हाताला आकडेमोडीची सवय असते, दुसऱ्याने सिद्धतेची मांडणी एकदा तरी केलेली असते, आणि अकरावीच्या बीजगणिताला या दोन्ही गोष्टी लागतात.

दहावीपर्यंतच्या बीजगणितात प्रश्नाचे स्वरूप बहुधा एकच असते: एक अज्ञात संख्या लपलेली आहे, ती शोधून काढा. समीकरण मांडायचे, पायऱ्या करायच्या, शेवटी ‘क्ष = ५’ असे लिहून त्याखाली रेघ ओढायची. अकरावीत हा प्रश्न मागे पडतो आणि त्याच्या जागी संपूर्ण कुळाविषयीचा प्रश्न येतो. उदाहरणार्थ, क्ष² + ४क्ष + म = ० हे समीकरण घेतले आणि ‘म’ ही संख्या मोकळी सोडली, तर क्षची किंमत काढा असे म्हणण्यात अर्थ उरत नाही; म कोणता असताना या समीकरणाला दोन वास्तव मुळे मिळतील, कोणता असताना एकच मिळेल आणि कोणता असताना एकही मिळणार नाही, असे विचारावे लागते. मूळ म्हणजे समीकरणाला सत्य करणारी चलाची किंमत. या समीकरणाचा विवेचक १६ − ४म असल्याने म चारपेक्षा लहान असताना दोन मुळे, बरोबर चार असताना एक आणि चारपेक्षा मोठा असताना एकही वास्तव मूळ नाही, असे उत्तर मिळते. हे उत्तर संख्येचे नाही, वर्गीकरणाचे आहे. विद्यार्थ्याला ते प्रथम अपुरे वाटते, कारण शेवटच्या ओळीत आकडा नसतो. पण उच्च बीजगणितातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच जातीची असतात, आणि ती उत्तरे म्हणून स्वीकारण्याची तयारी झाली की या विषयातला निम्मा अडसर दूर होतो. फलनाची संकल्पनाही इथूनच उगवते. एका संचातील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातील नेमका एक घटक जोडून देणारा नियम म्हणजे फलन. क्ष ही एकच लपलेली संख्या न राहता ती कोणतीही परवानगीची किंमत घेऊ शकते, आणि तिच्यागणिक नियमाचे उत्तर कसे बदलते हे पाहणे, हा अभ्यासाचा विषय होतो.

विवेचकाचा उल्लेख आला, तर त्याचा उगमही पाहून घ्यावा, कारण दहावीत तो सूत्राचा एक तुकडा म्हणून पाठ केलेला असतो. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ४·अ ने गुणून ब² मिळवले आणि ४·अ·क हे पद पलीकडे नेले, की डावीकडे (२·अ·क्ष + ब) याचा पूर्ण वर्ग तयार होतो आणि उजवीकडे ब² − ४·अ·क एवढे उरते. मधले पद वर्गात सामावले गेल्यामुळे आता केवळ वर्गमूळ घेणे बाकी राहते. ही युक्ती श्रीधराचार्यांची असून भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ती त्यांच्या नावानिशी दिली आहे, आणि मधले पद नाहीसे करण्याच्या या क्रियेला तेथे मध्यमाहरण म्हटले आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’, ज्याचा ‘बीजगणित’ हा एक भाग आहे, ११५० सालचा. अज्ञात राशींना यावत्-तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी नावे देऊन त्यांची आद्याक्षरे लिहिण्याची आणि ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब देण्याची पद्धत त्या परंपरेत रुळलेली होती. म्हणजे दोन-तीन अज्ञातांची समीकरणे चिन्हांत मांडणे ही गोष्ट या भूमीला नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, आणि हा लेख उजेडात आणण्याचे श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे जाते. बीजगणिताचे शिक्षण देण्यासाठी खास व्यवस्था उभारल्याचा इतका जुना लेखी पुरावा आजच्या महाराष्ट्रात असावा, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत आहे त्यापेक्षा ठळकपणे सांगितली जायला हवी.

त्याच भास्कराचार्यांनी ऋण संख्येला वर्गमूळ नसते असा निर्वाळा दिला, आणि कारणही नेमके दिले: ऋण संख्या मुळात कोणाचा वर्गच नसते. दहावीचे पुस्तक याच ठिकाणी थांबते. क्ष² + ४क्ष + १३ = ० या समीकरणाचा विवेचक ऋण ३६ येतो, विद्यार्थी ‘मुळे वास्तव नाहीत’ असे लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. अकरावीत हेच उदाहरण पुन्हा समोर येते, आणि ऋण एकचे वर्गमूळ असलेली एक नवी संख्या मानून, तिला ‘आय’ हे चिन्ह देऊन, मुळे −२ + ३आय आणि −२ − ३आय अशी लिहायला सांगितली जातात. काल जे नाही म्हणून शिकवले ते आज आहे म्हणून शिकवले जात आहे, असे वाटून विद्यार्थ्याचा विश्वास डळमळतो, आणि त्याची शंका रास्त असते. तिचे उत्तर ‘असे मानायचे असते’ एवढ्यावर भागवू नये. सोळाव्या शतकातील इटालियन गणितींनी ही संख्या हौसेने आणली नाही. त्यांना तिची गरज पडली. क्ष³ = १५क्ष + ४ या घनसमीकरणाचे क्ष = ४ हे साधे, खरे उत्तर कोणालाही ताडून पाहता येते. परंतु कार्दानो यांच्या १५४५ सालच्या ग्रंथातील सूत्राने ते काढू गेले, तर वाटेत ऋण १२१ चे वर्गमूळ उभे राहते. बोम्बेल्ली यांनी १५७२ मध्ये धीर करून त्या मुळाशी नेहमीच्या नियमांनी आकडेमोड केली आणि दाखवून दिले, की २ + आय या संख्येचा घन २ + ११आय होतो, २ − आय या संख्येचा घन २ − ११आय होतो, आणि सूत्रातील दोन घनमुळांची बेरीज केली की आय नाहीसा होऊन ४ उरतात. वास्तव उत्तरापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच अवास्तव वाटणाऱ्या संख्यांमधून जात होता. या पुस्तकातील संमिश्र संख्यांचे प्रकरण म्हणून वर्गसमीकरणापासून सुरू न करता या घनसमीकरणापासून सुरू केले आहे. वाचकाने तो घन स्वतः कागदावर करून पाहावा.

संख्यांची कक्षा अशी रुंदावते, तशी पुराव्याची अपेक्षाही वाढते. न² + न + ४१ या राशीत नच्या जागी ०, १, २ असे क्रमाने ३९ पर्यंत आकडे घातले, तर प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते. ४० घातले की १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग येतो आणि नियम मोडतो. चाळीस उदाहरणे पडताळूनही विधान खोटे ठरू शकते, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर सिद्धतेची निकड वेगळी समजवावी लागत नाही. गणिती विगमन हे त्यासाठी अकरावीत मिळणारे पहिले मोठे साधन आहे: विधान पहिल्या संख्येसाठी खरे आहे हे दाखवायचे, आणि ते कोणत्याही एका संख्येसाठी खरे असेल तर पुढच्या संख्येसाठीही खरे असलेच पाहिजे, हे दाखवायचे. दुसऱ्या पायरीत विधान खरे ‘मानून’ चालल्यामुळे अनेकांना येथे सिद्ध करायची गोष्टच गृहीत धरल्यासारखी वाटते. तसे नसते, सिद्ध होत असतो तो एका संख्येकडून पुढच्या संख्येकडे जाणारा दुवा, आणि पहिली संख्या पक्की असल्यामुळे तेवढा दुवा पुरतो.

सिद्धतेने काय साधते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत सुंदर उदाहरण देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने लावून होणारी संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर (ते तीन अंकी असेल तर आधी शून्य लिहून) हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच स्थिर राहते. कापरेकरांनी ही संख्या १९४९ साली जगासमोर ठेवली. शाळेत ती गंमत म्हणून सांगितली जाते आणि मुले चार-दोन संख्या करून पाहतात. पण हे दहा हजारांच्या जवळपास संख्यांना लागू आहे, हे कशावरून म्हणायचे? येथे बीजगणित कामाला येते. उतरत्या क्रमातील अंकांना अ, ब, क, ड म्हटले, तर मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ होते, आणि वजाबाकी केल्यावर ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढेच उरते. म्हणजे पहिल्या वजाबाकीचे उत्तर चार अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. त्यांपैकी पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही, त्यामुळे फरकांच्या एकूण ५४ जोड्या होतात. हजारो संख्यांचा प्रश्न ५४ वर आला, आणि तेवढे तर एका दुपारी वहीत तपासता येतात. पहिला फरक ६ आणि दुसरा २ धरला, तर ५९९४ + १८० = ६१७४ मिळते, आणि ७६४१ मधून १४६७ वजा केल्याची ती नोंद आहे. अक्षरे वापरून विचार केल्याने काम किती कमी होते, हे दाखवणारे यापेक्षा चांगले उदाहरण नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला देता येईल असे वाटत नाही, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या मुख्य मजकुरात यायला हवे.

मॅट्रिक्सविषयी विद्यार्थ्यांची तक्रार ठरलेली असते: आकड्यांची ही चौकोनी मांडणी कशासाठी, आणि तिचा गुणाकार असा आडवा-उभा का करायचा? नवी मुंबईच्या लोकल गाड्यांवरून हे नीट समजते. ठाणे, वाशी, नेरुळ आणि कुर्ला ही चार स्थानके घेतली, तर ठाण्याहून वाशीला आणि नेरुळला ट्रान्स-हार्बरने, ठाण्याहून कुर्ल्याला मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने, आणि वाशीहून कुर्ल्याला व नेरुळला हार्बरने, या चारांपैकी दुसरे कोणतेही स्थानक वाटेत न लागता जाता येते. नेरुळ आणि कुर्ला यांच्यामध्ये मात्र वाशी किंवा ठाणे लागतेच. जेथे असा थेट टप्पा आहे तेथे १ आणि नाही तेथे ० लिहिले, की चार ओळी आणि चार स्तंभांची एक मॅट्रिक्स तयार होते. तिच्यात स्थानकांचा क्रम वरीलप्रमाणे ठेवल्यास नेरुळची ओळ १, १, ०, ० अशी आणि कुर्ल्याचा स्तंभही १, १, ०, ० असाच येतो. मॅट्रिक्सला तिनेच गुणताना ही ओळ आणि हा स्तंभ घेऊन समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करायचे आणि त्यांची बेरीज करायची असते: १ + १ + ० + ० = २. हे दोन म्हणजे नेरुळहून कुर्ल्याला दोन टप्प्यांत जाण्याचे दोन मार्ग, एक ठाण्यावरून आणि एक वाशीवरून. पहिला टप्पा शक्य असेल आणि दुसराही शक्य असेल तरच गुणाकार १ येतो, आणि मधल्या प्रत्येक स्थानकासाठी अशी नोंद घेऊन बेरीज केली जाते. आडव्या-उभ्या गुणाकाराचा अर्थ इतका सरळ आहे. या गुणाकारात क्रमाला महत्त्व असते, हेही विद्यार्थ्याला येथेच प्रथम भेटते. मॅट्रिक्स बिंदूंना हलवण्याच्या क्रियाही दर्शवतात: (१, ०) हा बिंदू आधी आडव्या अक्षात परावर्तित करून मग घड्याळाच्या उलट दिशेने काटकोनात फिरवला तर (०, १) येथे जातो, आणि आधी फिरवून मग परावर्तित केला तर (०, −१) येथे. संख्यांच्या गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, ही इतकी वर्षे अंगवळणी पडलेली खात्री येथे सोडावी लागते.

मांडणी आणि निवड, म्हणजे वर्गात ज्याला सर्रास परम्युटेशन-कॉम्बिनेशन म्हणतात ते प्रकरण, आणि त्याला लागून येणारे द्विपद प्रमेय, ही दोन्ही एकच गोष्ट आहे हे शिकवताना निसटते. (अ + ब) हा कंस चार वेळा गुणला, की प्रत्येक कंसातून अ किंवा ब यांपैकी एक उचलायचा असतो. अ दोनदा आणि ब दोनदा येईल असे उचलण्याचे सहा प्रकार असल्यामुळे अ²ब² या पदाचा सहगुणक, म्हणजे त्याच्या आधी येणारी संख्या, ६ होते. आपल्या छंदशास्त्राने हाच प्रश्न वेगळ्या निमित्ताने सोडवला होता: चार अक्षरांच्या चरणात दोन गुरू आणि दोन लघू किती प्रकारे बसतील? पिंगलांच्या सूत्रांवर दहाव्या शतकात भाष्य लिहिणाऱ्या हलायुधांनी त्यासाठी मेरुप्रस्तार ही संख्यांची त्रिकोणी मांडणी समजावून सांगितली, आणि १, ४, ६, ४, १ ही तिची एक ओळ आहे. युरोपात हाच त्रिकोण पुढे पास्कल यांच्या नावाने ओळखला गेला.

क्रमिका आणि श्रेढी यांबद्दल फारसे सांगण्याची गरज नाही, कारण दहावीच्या अंकगणिती श्रेढीवरून पुढची वाट सरळ जाते. प्रत्येक पद आधीच्या पदाला ठरावीक संख्येने गुणून मिळते ती गुणोत्तर श्रेढी, आणि घरासाठी काढलेल्या कर्जाचा मासिक हप्ता तिच्याच बेरजेच्या सूत्रावरून ठरतो, एवढे सांगितले तरी सिडकोच्या सोडतीत घर लागलेल्या घरातल्या मुलाला या प्रकरणाचा उपयोग विचारावा लागत नाही.

वर्गातल्या व्यवहाराविषयी मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. बारावीला गणिताची ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे प्रात्यक्षिक असते. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि त्यांत अकरावीचा वाटा साधारण पाचवा हिस्सा राहिलेला आहे. अकरावीला मंडळाची परीक्षा नाही आणि सीईटीत तिचे वजन कमी, हे पाहून अकरावीचे वर्ष कसेबसे उरकून बारावीचा भाग लवकर सुरू करण्याकडे क्लासचा, पालकांचा आणि कधीकधी महाविद्यालयाचाही कल असतो. हा हिशेब तोट्याचा आहे. बारावीतील मॅट्रिक्स अकरावीच्या निश्चयकावर उभ्या आहेत, द्विपद वितरण द्विपद प्रमेयावर, आणि विकलन-संकलनाचे सगळे काम फलनावर. एका प्रश्नाला दोन मिनिटांहून कमी वेळ देणारी गती ही समज पक्की झाल्यावर येते. समजेच्या जागी ती बसवता येत नाही. त्यातच विज्ञान शाखेत बहुतेक ठिकाणी गणित इंग्रजीतून शिकवले जात असल्याने मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिले दोन-तीन महिने दुहेरी ओझे वाहावे लागते. सहगुणक, विवेचक, बहुपदी, निश्चयक हे शब्द त्याला चांगले ठाऊक असतात, म्हणजे कल्पना ठाऊक असतात. फळ्यावरचे शब्द तेवढे नवे असतात. शिक्षकांनी सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही शब्द उच्चारले, तर हुशार मूल केवळ भाषेपायी मागच्या बाकावर गप्प बसणार नाही.

या वर्गात होणाऱ्या चुकाही नव्या जातीच्या असतात. चिन्हाची किंवा बेरजेची चूक ताळा करताना सापडते, पण तर्काची चूक नीटनेटक्या पायऱ्यांमागे दडून राहते. क्ष² = ५क्ष या समीकरणाला दोन्हीकडे क्षने भागून क्ष = ५ लिहिणारा विद्यार्थी शून्य हे दुसरे मूळ गमावतो, कारण क्ष शून्य असताना भागाकाराला परवानगीच नाही. उलट, क्ष + ६ चे वर्गमूळ क्षइतके आहे, हे समीकरण सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग केला, तर क्ष² − क्ष − ६ = ० मधून ३ आणि −२ अशी दोन उत्तरे मिळतात, आणि त्यांतले −२ मूळ समीकरणात बसत नाही, कारण वर्गमूळाचे चिन्ह ऋण संख्या देत नाही. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाता आले म्हणून उलट दिशेने परतता येतेच असे नाही. प्रत्येक ओळीनंतर ‘ही पायरी उलटी वाचली तरी खरी राहते का?’ असे स्वतःला विचारण्याची सवय अकरावीत लागली, तर ती पुढच्या सगळ्या गणिताला पुरते.

ज्यांना या विषयात परीक्षेपलीकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी सोय दूर नाही. वाशीची खाडी ओलांडली, की मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. १९७४ साली सुरू झालेले हे केंद्र देशातील विज्ञान आणि गणित ऑलिम्पियाडचे मुख्य ठाणे आहे, आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड मुंबईतच भरले होते. ऑलिम्पियाडच्या प्रश्नांना कलनशास्त्र लागत नाही. बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धान्त आणि मोजणीच्या युक्त्या यांवर ते रचलेले असतात, त्यामुळे दहावी झालेला विद्यार्थी ते समजून घेऊ शकतो. ते सुटतीलच असे नाही, पण एका प्रश्नावर दोन दिवस घालवण्याची मुभा देणारे गणित या वयात भेटणे फार मोलाचे आहे, आणि आजच्या वेळापत्रकात ते आपोआप भेटत नाही.

या पुस्तकातील प्रकरणे क्रमाने वाचावीत, उदाहरण वाचण्यापूर्वी खालची उकल कागदाने झाकावी, आणि सिद्धता पाठ न करता पुस्तक मिटून पुन्हा लिहून पाहावी. दहावीचा निकाल आणि अकरावीचा पहिला तास यांच्यामध्ये काही आठवडे मोकळे मिळतात. त्यांत नववीचे बहुपदीचे आणि दहावीचे वर्गसमीकरणाचे प्रकरण पुन्हा एकदा स्वच्छ करून घ्यावे, आणि मगच पहिल्या प्रकरणाला हात घालावा. पालकांना एकच विनंती आहे, की या पहिल्या सहामाहीत मुलाला गुण विचारण्याआधी त्याने कोणती गोष्ट सिद्ध केली ते विचारावे, आणि तो सांगू लागला तर वही जवळ घेऊन ऐकावे.